जेम्सटाउन की विल्यम्सबर्ग? आईबाबा, चौथीतली लेक आणि दोनच दिवस – सल्ला हवा

केतकीची आई:
नमस्कार मंडळी. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. सप्टेंबरअखेर पुण्याहून आईबाबा येतायत. लेक चौथीत, तिला शाळेत यंदा व्हर्जिनियाचाच इतिहास आहे. बाबांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. दोघांना १६०७ ची वसाहत, म्हणजे अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत जेम्सटाउन, दाखवायची आहे. शनिवार-रविवार, एक मुक्काम. पाच जणांचं हॉटेल आणि तिकिटं मिळून ४०० डॉलरच्या वर जायचं नाही. आईचे गुडघे दुखतात. जेम्सटाउन, विल्यम्सबर्ग, यॉर्कटाउन ही तीन नावं सगळे सांगतात. काय पाहू, काय सोडू?

रानजाई:
विल्यम्सबर्ग. दुसरा विचारच नको. आम्ही वार्षिक पास काढले आणि जुन्या भागातच तीन रात्री राहिलो. लोहार, छापखाना, शिंपी, सगळे त्या काळच्या पोशाखात खरोखर काम करत असतात आणि काहीही विचारलं तरी मनापासून सांगतात. तीन रात्री तरी हव्याच. पास काढाच, पैसे वसूल होतात.

चिंचोळी गल्ली:
त्यांनी एक मुक्काम आणि ४०० डॉलर लिहिलंय. विल्यम्सबर्ग सुंदरच आहे, पण प्रश्न १६०७ चा आहे. जेम्सटाउनचं स्टेटहाउस १६९८ साली जळालं, त्यानंतर १६९९ मध्ये राजधानी विल्यम्सबर्गला गेली. आज तिथे दिसतं त्यातलं बरंचसं १९२६ पासून रॉकफेलरच्या पैशातून डागडुजी केलेलं किंवा नव्याने बांधलेलं आहे. नुसतं रस्त्यांवरून फिरायला तिकीट लागत नाही, इमारतींच्या आत जायला लागतं. संध्याकाळी तासभर चक्कर मारा, पुरे.

उंबरठा:
मी बोस्टनजवळ राहतो. अमेरिकेची खरी सुरुवात प्लिमथला. विमानाने या, मुलांना फार आवडतं.

काळा कातळ:
प्लिमथ १६२०. जेम्सटाउन त्याच्या तेरा वर्षं आधीचं. आणि जुनंच हवं असेल तर फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन, १५६५, स्पॅनिशांचं. आम्ही दोनदा जाऊन आलो.

चिंचोळी गल्ली:
त्यांना *व्हर्जिनिया* बघायचाय.

काळा कातळ:
मग रोअनोक का नाही? १५८७ ची वसाहत, तीही तेव्हा व्हर्जिनियाच म्हणवली जायची. आज ते बेट नॉर्थ कॅरोलिनात आहे एवढंच.

सुगरण_मेरीलँड:
मुख्य गोष्ट कोणी सांगितलीच नाही. जेम्सटाउन नावाची दोन ठिकाणं आहेत, शेजारी शेजारी. 'जेम्सटाउन सेटलमेंट' हे राज्य सरकारचं संग्रहालय. तिथे सुझन कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी या तीन जहाजांच्या प्रतिकृती आहेत, आत चढता येतं. 'हिस्टॉरिक जेम्सटाउन' म्हणजे बेटावरची मूळ जागा. तिकिटं वेगळी. माझ्या दिरांच्या गाडीतल्या नकाशाने त्यांना सेटलमेंटला नेलं आणि घरी परतल्यावर त्यांना कळलं की मूळ किल्ला पलीकडे होता. नॅशनल पार्कचा पास असला तरी बेटावरच्या तिकिटाचा एकच भाग सुटतो, उत्खनन सांभाळणाऱ्या संस्थेचा भाग भरावाच लागतो. दशम्या आणि चटणी बरोबर घ्या. आमच्या सासूबाईंना तिथे खाण्यासारखं काही मिळालं नाही.

रानजाई:
विल्यम्सबर्गला शाकाहारी मिळतं.

वाळवंटी:
आम्ही जुलैत बेटावर गेलो होतो. दमट उकाडा, डास, सावली कमी. सासरे अर्ध्या तासात बाकावर बसले ते उठलेच नाहीत. तिथे बघायला काय, तर चर्चचा विटांचा मनोरा, पुतळे आणि मातीत आखलेले चौकोन. पोरं कंटाळली. मी पुन्हा जाणार नाही.

गोदाकाठ:
वाळवंटी, तो उकाडा आणि ते डास हाच तिथला इतिहास आहे. १६०७ च्या मे महिन्यात १०४ पुरुष आणि मुलगे तिथे राहायला उतरले. जागा निवडली कारण पाणी काठालगत खोल, जहाजं थेट झाडांना बांधता येत होती, आणि स्पॅनिश जहाजांपासून आडोसा होता. पण प्यायचं पाणी मचूळ, भोवती दलदल. त्यात दुष्काळ: सायप्रस झाडांच्या वाढीच्या वलयांवरून संशोधकांनी काढलंय की १६०६ ते १६१२ ही सात वर्षं जवळपास ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी होती. पीक तिथल्या मूळ रहिवाशांचा सरदार पोव्हाटन याच्या लोकांकडेही कमी, त्यांच्याकडून मका मागणार किती आणि हिसकावणार किती? १६०९-१० च्या हिवाळ्यात सुमारे ३०० माणसं किल्ल्यात अडकली, वसंतापर्यंत साठेक उरली.

आणि ज्या चौकोनांना तुम्ही कंटाळलात, तो किल्ला नदीने गिळला असंच सगळे धरून चालले होते. १९९४ पासून पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं आणि कुंपणाच्या लाकडांचे काळपट ठसे मातीत जसेच्या तसे सापडले. बाबांना ते दाखवाच. इतिहास शिकवलेल्या माणसाला याहून मोठी भेट नाही.

मुलीसाठी एक सूचना. तिथल्या आर्किएरियम संग्रहालयात चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी आहे. संशोधक तिला 'जेन' म्हणतात. त्या हिवाळ्यात उपाशी माणसांनी तिचं मृत शरीर खाल्ल्याच्या खुणा हाडांवर आहेत. दालनात शिरण्याआधी लेकीला शांतपणे सांगा, मग तिच्या मर्जीने ठरवू द्या.

सुगरण_मेरीलँड:
दोन जेम्सटाउन आहेत हे लक्षात ठेवा, पुन्हा सांगते.

पाटीपेन्सिल:
बाबांसाठी थोडं. जेम्सटाउन वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्माइथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. जेम्सटाउनला कडक लष्करी शिस्त लावणारा सर थॉमस डेल पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याचा प्रमुख होऊन आपल्याकडे आला आणि १६१९ मध्ये मच्छलीपट्टणला वारला. आणखी एक. १६३५ च्या नोंदीत जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदाराने आणलेल्या माणसांत 'टोनी, ईस्ट इंडियन' असा एक जण आहे.

काळा कातळ:
तो ईस्ट इंडियन म्हणजे आपल्या वसईच्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन समाजातला?

पाटीपेन्सिल:
नाही. तेव्हा इंग्रज पूर्वेकडच्या कुणालाही तसं म्हणत. गाव कुठलं ते नोंदीत नाही.

टेकडीवरची:
गुडघ्यांसाठी: वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत दलदलीवरचा लाकडी पूल चालून जावं लागतं, मध्ये थांबत जा. बेटाभोवती गाडीतूनच फिरायचा रस्ताही आहे. शिवाय जेम्सटाउन-स्कॉटलंड फेरीबोट (स्कॉटलंड म्हणजे पलीकडच्या काठावरचं गाव). गाडीसकट जेम्स नदी ओलांडते, एक पैसा लागत नाही, आणि नदीतून ती तीन जहाजं छान दिसतात. निघण्याआधी पेट्रोल भरा. ही तिन्ही ठिकाणं जोडणारा कॉलोनियल पार्कवे २३ मैलांचा आहे आणि त्यावर एकही पंप नाही. आमची गाडी तिथेच बंद पडली होती.

रानजाई:
पास काढला असता तर यॉर्कटाउनही बघून झालं असतं.

गोदाकाठ:
पासचा विषय वेगळा ठेवू या. हॅम्पटनचं फोर्ट मन्रो मात्र सोडू नका, आवारात जायला तिकीट नाही. ती जागा म्हणजे तेव्हाचं पॉइंट कम्फर्ट. १६१९ च्या ऑगस्टअखेर 'व्हाइट लायन' जहाजाने अंगोलातून पकडून नेलेल्या वीसेक माणसांना तिथे उतरवून अन्नधान्याच्या बदल्यात दिलं. त्याच उन्हाळ्यात, ३० जुलैला, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतली पहिली निवडून आलेली सभा भरली होती. शाळेत सभा आधी शिकवतात. एका महिन्याच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी मुलांनी एकत्रच शिकायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. पुढे १८६१ मध्ये, यादवी युद्धात, याच फोर्ट मन्रोत तीन गुलाम पळून आले आणि उत्तरेच्या सैन्याच्या जनरल बटलरने त्यांना परत द्यायला नकार दिला.

पाटीपेन्सिल:
आणि त्याच १६१९ मध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकत मुघलांशी लढत होता. बाबा यावर नातीशी दोन तास बोलतील.

वाळवंटी:
पोव्हाटनच्या लोकांचं काय झालं हे पण बघा. पामंकी आणि मॅटापोनाय जमाती अजून तिथेच आहेत. १६७७ च्या तहाप्रमाणे दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास गव्हर्नरला हरिण नेऊन देतात. पामंकींचं छोटं संग्रहालय आहे, आधी फोन करून जा. बेटापेक्षा आम्हाला ते जास्त भावलं.

केतकीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. मलिक अंबरचं नाव निघाल्यापासून ते वही घेऊन बसलेत. ठरलं असं: विल्यम्सबर्ग नाही, सेटलमेंट नाही, प्लिमथ तर नाहीच. मुक्कामही रद्द. शनिवारी पहाटे निघून थेट बेटावर, दुपारी फोर्ट मन्रो, रात्री घरी. रविवारी आई झोपेल. वाचलेल्या पैशांत ऑक्टोबरमध्ये पामंकींच्या संग्रहालयाला वेगळी फेरी मारू. जेनबद्दल लेकीला सांगितलं, तिला बघायचंय. फेरीबोटीला शनिवारी रांग किती असते?

टेकडीवरची:
दुपारी असते. सकाळी दहाच्या आत गाठा. पण एका दिवसात हे सगळं आईंना झेपणार नाही, मुक्काम कराच.

उंबरठा:
प्लिमथचा विचार केला का?