पट्टा बांधण्याआधी घोट्याचा रक्तदाब

जखमेच्या पायावर पट्टा (बँडेज) आवळून बांधल्यास रक्तपुरवठा तुटतो, असे अनेकदा म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. व्हेरिकोज व्हेन्समुळे, म्हणजे पायातल्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या नीलांमुळे (अशुद्ध रक्तवाहिन्यांमुळे), घोट्याच्या आतल्या बाजूस होणारा व्रण नीलांमधला दाब वाढून राहिल्याने चिघळतो आणि त्यावर बाहेरून दिलेला दाब हाच मुख्य उपचार आहे. नुसती मलमे बदलत राहून फारसे साधत नाही. मात्र धमनीतच अडथळा असेल तर तोच दाब पायावर बेतू शकतो. हा फरक नुसत्या नजरेने ठरवायचा नसतो. डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा रक्तदाब मोजून त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.८ किंवा त्याहून अधिक असल्यास घोट्यापाशी साधारण ४० मिमी पारा इतका दाब सहसा देता येतो. मधुमेहींच्या धमन्या कडक झालेल्या असल्यास हा आकडा फसवा, १.३ च्याही वर येतो, आणि मग पायाच्या अंगठ्याचा दाब पाहावा लागतो.

मुंबईत घरोघरी ड्रेसिंगला जाताना मला वारंवार दिसते ते असे, की क्रेप बँडेज घोट्यापासून सुरू केलेले असते आणि उघडे राहिलेले पाऊल भाकरीसारखे फुगलेले असते. पाऊल काटकोनात धरून, बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असे बांधावे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्या रुग्णाचे भिजलेले बँडेज त्याच दिवशी बदलावे, कारण त्याखाली कातडी पांढरी पडून सोलवटते. बोटे निळसर किंवा बधिर झाली तर मात्र नर्सची वाट न पाहता ते लगेच सोडावे.