घरचे भेटायला आले तेव्हा: सातारा-सांगलीकडच्या सेवेकऱ्यांचे अनुभव

सातारा-सांगलीतून धर्मकार्यासाठी लांब गेलेले आणि लांबून इकडे सेवेला आलेले, अशा सगळ्यांसाठी हा धागा आहे. घरचे भेटायला आले तेव्हा त्यांना कुठे नेलंत? सेवेतून सवड कशी काढलीत? काय पाहिल्यावर त्यांचा जीव निवांत झाला? हातचं न राखता लिहा. सुरुवात मी करतो.

मी मूळचा अकोल्याकडचा, सध्या सज्जनगडावर सेवेला. आई-बाबा आले तेव्हा समर्थ रामदासांची समाधी, वरचं राममंदिर, शेजघर, अंगलाईचं देऊळ, धाब्याचा मारुती आणि खाली दिसणारं उरमोडी धरणाचं पाणी हे सगळं सकाळच्या आरतीनंतर निवांत झालं. पण बाबांना समर्थांनी स्थापलेले अकरा मारुती करायचे होते. सात सातारा जिल्ह्यात आहेत: शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन. बहे आणि शिराळा सांगलीत, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. गाडीवाले एका दिवसात अकरा उरकून देतात. मला ते अजिबात पटत नाही. आम्ही मधे मुक्काम केला, म्हणून बह्याला घाई झाली नाही. तिथे कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर रामलिंग आहे आणि मारुती दोन्ही बाजूंचा प्रवाह अडवून उभा आहे, अशी श्रद्धा आहे. बाबांची सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली. पाणी कुठे दुभंगतं आणि कुठे पुन्हा एक होतं, ते त्यांनी बेटाच्या टोकाला उभं राहून किती वेळ पाहिलं. आईनं तोवर माझ्याकडून सगळा दिनक्रम काढून घेतला: काकडआरतीला कधी उठतोस, भिक्षेच्या दौऱ्यात जेवण वेळेवर मिळतं का.

एक सांगून ठेवतो. दासनवमीच्या, म्हणजे समर्थांच्या पुण्यतिथीच्या दिवसांत घरच्यांना बोलावलंत तर ते उत्सवाला आले असं समजा, तुम्हाला भेटायला नव्हे. आम्हाला तेव्हा मान वर करायला वेळ नसतो.

अपशिंगे (मिलिटरी), सध्या अरुणाचलात

मी विवेकानंद केंद्राच्या शाळेत शिकवतो. केंद्र एकनाथजी रानड्यांनी 1972 मध्ये सुरू केलं आणि अरुणाचलातल्या शाळा 1977 पासून आहेत. आमचं गाव फौजींचं. आबांनी हयात मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, त्यामुळे मुलगा गणवेश न घालता इतक्या लांब कशाला गेला, हे त्यांना उमगत नव्हतं. बोलायचे नाहीत, पण फोन आईकडे द्यायचे.

दोघं आले ते परीक्षा संपल्यावर. अरुणाचलात शिरायला लागणारा परवाना, इनर लाइन परमिट, मी आधीच काढून ठेवला होता. तो विसरू नका, नाहीतर भालुकपोंगच्या नाक्यावरच अडकाल. तेजपूरहून वर चढताना दिरांगला रात्र काढली. वयस्कर माणसांना एका दमात तवांगला नेऊ नये, उंचीचा त्रास होतो. सेला खिंड 13,700 फुटांवर आहे. 2024 पासून खालून बोगदा झालाय, पण आबांना खिंडीतूनच जायचं होतं. 1962 च्या चीन युद्धात त्यांच्या ओळखीची माणसं याच बाजूला होती.

पुढे जसवंतगड लागतं. रायफलमन जसवंतसिंह रावत इथे लढता लढता पडले, त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. आबांनी गाडीतच कोट घातला, टोपी सारखी केली आणि स्मारकापुढे कडक सलाम ठोकला. मग तिथल्या जवानांबरोबर चहा घेत बसले, ते उठायलाच तयार नव्हते. तवांगचा सतराव्या शतकातला मठ पाहिला, तिथल्या छोट्या लामांना आईनं लाडू वाटले.

पण मला सांगायचंय ते परतीचं. ते आमच्या शाळेत राहिले. आईनं सोबत आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, वसतिगृहातल्या पोरींनी पिठल्याशी चाटूनपुसून खाल्ल्या. सकाळच्या प्रार्थनेला आबा मैदानाच्या कडेला उभे होते. पोरांची रांग पाहून म्हणाले, "शिस्त चांगली लावलीयस." आता फोन तेच उचलतात.

सांगलीजवळचं गाव, आर्यिका माताजींची आई

धागा सेवेकऱ्यांचा आहे, पण आईनं लिहिलं तर चालेल ना? आमच्या लेकीनं जैन दीक्षा घेतली, ती आर्यिका म्हणजे साध्वी झाली. तिला आता आम्ही माताजी म्हणतो, तिचे वडीलसुद्धा "वंदामि माताजी" म्हणूनच बोलतात. पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला नव्हता.

तिला गाडीत बसून कुठं यायचं नसतं. चातुर्मासात तर त्यांचा साधू-साध्वींचा संघ एका जागी. म्हणून आम्हीच जातो, चौका लावतो, म्हणजे सोवळ्यात स्वयंपाक मांडतो, आहार देतो. ती दिवसातून एकदाच घेते आणि माझ्या हातचं घेतलं की माझा दिवस भरतो. एका वर्षी संघ श्रवणबेळगोळला होता. तेवढं एकच ठिकाण आम्ही तिच्याबरोबर पाहिलं. विंध्यगिरीच्या सहाशेवर पायऱ्या, सगळे अनवाणी. ती मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू घेऊन पुढं आणि आम्ही मागं धापा टाकत. वर 57 फुटांचे बाहुबली भगवान. पायाशी कोरलंय, "श्री चावुण्डराजें करवियलें". कर्नाटकात एवढ्या जुन्या काळची मराठी पाहून ह्यांनी बोट न लावता अक्षर अक्षर वाचलं आणि मागं वळून तिला दाखवलं. ती हसली. लहानपणी पाटीवरचं अक्षर दाखवून हसायची तशीच. मी तेव्हापासून तिच्यासाठी रडत नाही.

मिरज

मी पाळक आहे, मूळचा श्रीरामपूरकडचा. रविवारची उपासना सोडून जाता येत नाही, आजारी मंडळींच्या भेटी असतात. म्हणून आई-वडिलांना सहलीला न्यायच्या ऐवजी मिरजच दाखवली. आधी मिशन हॉस्पिटल, डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभारलेलं. मग सतारमेकर गल्ली. वडील गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवतात. तिथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले, एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होता. तारेखाली दोरा सरकवला आणि सूर उमलला तसे वडील खालीच बसले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या कारागिरानंच सांगितलं. संध्याकाळी मिरासाहेबांचा दर्गा. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी संगीतसभा होते. पुढच्या वेळी त्याच सुमारास येणार, असं वडील सांगून गेलेत.

गोंदवले

रत्नागिरीहून येऊन इथे गोंदवलेकर महाराजांच्या मठाच्या स्वयंपाकघरात सेवा करते. बहीण मुलांना घेऊन आली. माणदेशाचं उघडं रान पाहून पोरं हिरमुसली. औंधला नेलं, यमाईच्या डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात, तर बाहेर पडेनात. औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी जमवलेली चित्रं आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प खटावसारख्या तालुक्यात बघायला मिळतं, हे आपल्याकडच्यांनाच माहीत नसतं. दुपारच्या प्रसादाच्या पंगतीला वाढायला मात्र मी दोन्ही पोरांना उभं केलं.

धागाकर्ता

माताजींच्या आई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

दोघांनी निरोपातून विचारलंय म्हणून: गाडी सज्जनगडावर बरीच वर येते, पुढे पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असेल तर सकाळी लवकर, उन्हाच्या आधी चढा. पावसाळ्यात येणार असाल तर त्याच रस्त्यानं पुढे ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या होतात. कासची फुलं साधारण सप्टेंबरात. 2012 मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून गर्दी वाढलीय, तेव्हा आधी नोंदणी करून शनिवार-रविवार टाळा. आणि येण्याआधी आपल्या माणसाला विचारा, त्याला सुट्टी कोणत्या दिवशी मिळतेय ते.