बोअरच्या पाण्यात डिस्कस मासे ठेवणं म्हणजे छळ? मला मान्य नाही

उचगावचा_डिस्कसवाला:
परवा 'शुद्धपाणी' यांनी लिहिलं, "कोल्हापुरात बोअरच्या पाण्यात डिस्कस ठेवणं हा माशाचा छळ आहे. आरओ (पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर) परवडत नसेल तर गप्पी (छोटे, काटक मासे) पाळा." दोन दिवस गप्प बसलो. आज लिहितोच, कारण ते वाचून आमच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरानं त्याचे चारही डिस्कस विकायला काढलेत.

माझ्या 300 लिटरच्या टाकीत साडेचार वर्षं सहा डिस्कस आहेत. तळाला वाळू नाही, दोन स्पंज फिल्टर, तापमान 29. पाणी थेट बोअरचं. जीएच (पाण्याचा जडपणा) 16, केएच (पीएच धरून ठेवणारे क्षार) 11, पीएच 7.8. याच पाण्यात आमच्या घरी तूरडाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. मासे तळहाताएवढे झालेत आणि हातातून खातात.

सुरुवात मीही आरओनेच केली होती. निव्वळ आरओ, केएच शून्य. लग्नासाठी गडहिंग्लजला गेलो, पाणी बदल चुकला. दहा दिवसांनी येऊन बघतो तर पीएच 5 च्या आसपास, दोन मासे आडवे, बाकीचे काळे पडून कोपऱ्यात. त्या पाण्यात पीएच धरून ठेवायला काही नव्हतंच. बोअरच्या पाण्यात असं एकदाही झालेलं नाही. आज बाजारात येणारा डिस्कस मलेशिया-थायलंडच्या फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलाय. त्याला रोज तेच पाणी आणि स्वच्छ पाणी हवं. मऊ की जड, हा नंतरचा प्रश्न.

शुद्धपाणी:
साडेचार वर्षं जगले म्हणजे सुखात आहेत असं नाही. हेकेलनं 1840 मध्ये ज्याला सिंफिसोडॉन डिस्कस नाव दिलं, तो रिओ निग्रोच्या काळ्या पाण्यातला मासा आहे. तिथं पीएच 5 च्या खाली जातो आणि क्षार जवळजवळ नसतातच. फार्मवर चार पिढ्या वाढला म्हणून त्याचं शरीर बदलत नाही.

आणि तुम्ही एक गोष्ट लिहिलीच नाही. पीएच 8 आणि तापमान 30 असेल तर माशांमुळे पाण्यात साठणाऱ्या एकूण अमोनियातला सात टक्क्यांहून जास्त भाग विषारी रूपात असतो. पीएच 7 ला तो एक टक्कासुद्धा नसतो. म्हणजे तुमचा फिल्टर एक दिवस बंद पडला तर तुमचे मासे आधी जाणार.

माझ्या जोडीनं बोअरच्या पाण्यात नऊ वेळा अंडी घातली. नऊही वेळा तिसऱ्या दिवशी पांढरी पडली, बुरशी धरली. आरओचं पाणी मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दीडशेच्या खाली आणल्यावर दहाव्या खेपेला पिल्लं आई-बापाच्या अंगाला चिकटून खाताना पाहिली. माझ्या बायकोला मी रात्री साडेबाराला उठवलं ते बघायला. ज्यानं ते पाहिलंय तो बोअरचं पाणी पुरेसं आहे असं म्हणणार नाही.

फुलेवाडीची_ताई:
पिल्लांचं खरं आहे हो, पण त्या आरओच्या दुसऱ्या नळीतून काय जातं ते कुणीच बोलत नाही. घरगुती आरओ एक लिटर देताना अडीच-तीन लिटर सोडून देतो. आठवड्याला दोनदा दीडशे-दीडशे लिटर बदलायचं म्हटलं तर गटारात किती गेलं, धरा हिशोब. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाला दिवसाआड पाणी येतं. शेजारच्या काकू कळशी घेऊन उभ्या असताना माशासाठी नऊशे लिटर ओतून द्यायची मला लाज वाटते.

शुद्धपाणी:
ताई, ते पाणी मी ओतून देत नाही. लादी पुसायला, संडासाला, गाडी धुवायला वापरतो.

फुलेवाडीची_ताई:
नऊशे लिटरची लादी? दादा, तुमचं घर केवढं आहे? मी तेच पाणी वर्षभर गच्चीवरच्या कुंड्यांना घातलं. मातीवर पांढरी पूड आली, मोगरा आणि कढीपत्ता दोन्ही गेले. कढीपत्ता माझ्या सासूबाईंनी लावलेला होता.

शिवाजीपेठेतला_पैलवान:
एवढं डोकं कशाला लावताय राव. बोअरच्या लाइनला सॉफ्टनर बसवा, मिठावर चालतंय, पाणी फारसं वाया जात न्हाई. आमच्या पावण्यांच्या बंगल्याला हाय. साबणाला फेस कसला येतोय बगा.

शुद्धपाणी:
फेस येतो, पण त्यात डिस्कसची अंडी जगणार नाहीत. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. जीएच उतरतो, केएच आणि टीडीएस होते तिथंच राहतात. आधी समजून घ्या, मग सल्ला द्या.

शिवाजीपेठेतला_पैलवान:
समजून घ्या म्हणजे? मी आठ वर्षं मासे पाळतोय भावा. तुमी आरओ विकताय वाटतं, म्हणून सगळ्यांच्या गळ्यात मारताय.

शुद्धपाणी:
मी हायस्कूलला शास्त्र शिकवतो. आयुष्यात एक फिल्टरसुद्धा विकलेला नाही. हे विधान मागे घ्या.

शिवाजीपेठेतला_पैलवान:
बरं, घेतलं. सर हाय म्हाईत न्हवतं. पण सॉफ्टनरचं आधी कुणी सांगितलं असतं तर माझे पंधरा हजार वाचले असते, त्यो राग हाय.

फुलेवाडीची_ताई:
पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, पंपिंग स्टेशनं बुडाली, गावभर पाणी आणि नळ कोरडे. माझे पाच डिस्कस तोवर नळाच्या मऊ पाण्यावर होते. शेजारच्या बोअरचं पाणी दोन दिवस थोडं थोडं मिसळत गेले, तिसऱ्या दिवसापासून सगळं बोअरचंच. एकही मासा गेला नाही. म्हणून उचगावच्या दादांचं मला पटतं. आणि त्याच पावसात मी गच्चीवर पिंप लावलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर आरओ बंद. दहा चौरस मीटर पत्र्यावर 20 मिलिमीटर पाऊस झाला की 200 लिटर मऊ पाणी येतं. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्यायच्या, पत्रा धुऊन निघू द्यायचा, मग भरायचं. कोल्हापुरात राहून पावसाचं पाणी गटारात आणि आरओचंही गटारात, हे मला बघवत नाही.

उचगावचा_डिस्कसवाला:
ताई, हे पत्र्याचं कुणी सुचवलं नव्हतं. आम्हाला गच्ची आहे, पत्रा नाही. सिमेंटवरून आलेलं पाणी चालेल का?

फुलेवाडीची_ताई:
सिमेंटवरून येताना थोडा क्षार घेतं. बोअरपेक्षा तरी कितीतरी मऊ. मोजून घ्या.

शुद्धपाणी:
पावसाच्या पाण्यातही केएच नसतो. निव्वळ तेच वापरलं तर वर यांनी सांगितलेलं पीएच पडण्याचं प्रकरण पुन्हा होईल. तीन भाग पाऊस, एक भाग बोअर असं मिसळावं लागेल.

उचगावचा_डिस्कसवाला:
म्हणजे बोअरचं पाणी तुम्हालाही लागतंच की सर.

शुद्धपाणी:
लागतं. एक भाग.

उचगावचा_डिस्कसवाला:
अमोनियाचं तुमचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. गेल्या वर्षी दोन दिवस वीज गेली तेव्हा मी दर सहा तासांनी पाणी बदलत बसलो होतो, ते याच भीतीनं. अंड्यांचंही मान्य. पण मला पिल्लं काढायचीच नाहीत. शंभरातल्या नव्वद लोकांना काढायची नसतात. त्यांना तुम्ही 'छळ' म्हणालात आणि एक पोरगा मासे विकायला निघाला.

शुद्धपाणी:
फार्मचा मासा, पाळण्यापुरता, रोजच्या रोज स्वच्छता ठेवणारा माणूस असेल तर जड पाणी चालेल. 'छळ' हा शब्द मागे घेतो. नदीतून पकडलेला जंगली हेकेल डिस्कस कुणी बोअरच्या पाण्यात टाकला तर पुन्हा तोच शब्द वापरीन. आणि गप्पीचं मागे घेत नाही, नवशिक्यानं गप्पीच पाळावेत. त्यांना जड पाणी मानवतं.

शिवाजीपेठेतला_पैलवान:
सर, माझ्याकडं ह्यो सॉफ्टनर पडून हाय. त्याचं काय करू?

शुद्धपाणी:
कपडे धुवायला ठेवा. आणि उचगावकर, त्या मुलाला सांगा मासे विकू नकोस. पाण्याची एक बाटली भरून रविवारी माझ्याकडे आण म्हणावं, जीएच-केएच मी मोजून देतो.

उचगावचा_डिस्कसवाला:
दोन विकले गेलेत. उरलेल्या दोघांसाठी रविवारी पाठवतो.