बक म्हणजे बगळा, मग बकासुर बगळा होता का?

बांधावरची आजी:
भोरकडे आमची भातलावणी चालू आहे. चिखलणीला ट्रॅक्टर खाचरात उतरला की मागे बगळ्यांची रांग लागते. पाचवीतली नात बांधावर बसून नखांवर नखं घासत होती, "बगळ्या बगळ्या फूल दे!" आम्हीही लहानपणी हेच करायचो. नखावर पांढरा ठिपका उठला की बगळ्यानं फूल दिलं म्हणायचं. मध्येच तिनं विचारलं, "आजी, बक म्हणजे बगळा ना? मग बकासुर बगळा होता का?" मला काही सांगता येईना. आणि बकध्यान, बगळ्यासारखा ढोंगी, हे तर मला कधीच पटलं नाही. चाळीस वर्षं बघतेय. पाय हलला तर बेडूक पळणार, मग तो स्तब्ध उभा राहील नाहीतर काय करेल?

पुराणवाचक:
आजी, बकासुर दोन आहेत. एकचक्रा नगरीत भीमानं मारला तो महाभारतातला, नावानं बक पण जातीनं राक्षस. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस, सगळं त्याला लागायचं. 'बकासुरासारखा खातो' म्हणतो ते यावरून. भागवताच्या दशम स्कंधातला मात्र खरोखर बगळ्याच्या रूपात येतो, आणि बाळकृष्ण त्याची चोच धरून फाडतो. नातीला हेही सांगा की वनपर्वात युधिष्ठिराला धर्माचे प्रश्न विचारणारा यक्षसुद्धा आधी 'मी शेवाळ आणि मासे खाणारा बक' असंच म्हणतो.

दुर्बीणवाला:
काकू, ट्रॅक्टरमागचे ते गायबगळे. पिवळी चोच, आणि आता विणीच्या दिवसांत डोकं-मान केशरी. ते ध्यान लावत नाहीत, चालत चालत किडे टिपतात. ढोकरीला तर पुस्तकात 'वंचक' म्हणतात. बसलेली असताना मातकट, रेघारेघांची, चिखलात दिसतच नाही. उडाली की पंख पांढरेशुभ्र.

कोलकातावासी:
इकडे बंगालीत हादग्याच्या फुलाला 'बकफूल' म्हणतात, संस्कृतातही बकपुष्प. पांढरी बाकदार कळी हातात घेतली की नाव लगेच पटतं. पिठात बुडवून तळतात. मला आईची हादग्याच्या फुलांची भाजी आठवते.

बांधावरची आजी:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी नातीला घेऊन ओढ्यावर गेले. काठावरच्या ढेकळाकडे बोट दाखवून म्हटलं, बघ, ढोकरी. तिला दिसेचना. दोन पावलं पुढे गेलो तसं ते ढेकूळ 'क्वाक' करून पांढरं होऊन उडालं. पोर टाळ्या पिटत होती. 'वंचक' हे नाव मला अजूनही बोचतं, घारीपासून जीव वाचवायला लपणं ही फसवणूक कशी? पुराणवाचक, यक्षाची गोष्ट तिला फार आवडली. आता विचारतेय, बगळा शेवाळ खातो का? मी तरी मासे, बेडूक, किडेच खाताना पाहिलाय.