‘द वेस्ट लँड’मधली वासना म्हणजे नेमकं काय?

माजलगावची_वाचक
एमएला टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही इंग्रजी कविता आहे, सध्या तीच वाचायलेय. सुरवातीलाच म्हणतो एप्रिल सगळ्यात क्रूर महिना, मेलेल्या जमिनीतून फुलं उगवतो, आठवण अन् इच्छा एकात एक कालवतो. गाइडमध्ये सरळ लिहिलंय की वासना म्हणजे पाप, तिच्यामुळंच जमीन वांझ झाली. मला हे पटंना. तिसऱ्या भागात ती टायपिस्ट पोरगी अन् तिच्या खोलीवर येऊन तिच्याशी संग करणारा क्लार्क येतात तिथं तर वासना जास्त झाली असं वाटतच नाही. तुम्ही कसं वाचता?

बालाघाट_सर
ताई, गाइड बाजूला ठेवा. आपल्याकडं एप्रिल म्हंजे टँकर अन् भेगाळलेली रानं, तिकडं तो वसंत, त्यामुळं आपल्या पोरांना ही ओळ उलटीच समजते. तुम्ही मृग धरा. पहिला पाऊस झाला की सोयाबीन पेरतो, कोंब वर येतो अन् मग पाऊस जो खंड देतो की कोंब जागेवर करपून दुबार पेरणी. बी पोत्यात होतं तवर त्याला काही दुखत नव्हतं. तसंच इथं, पुढच्याच ओळींत आहे बघा, हिवाळ्यानं आम्हाला ऊब दिली, बर्फानं सगळं विसरायला लावलं. इच्छा जागी तर होते पण तिला पोसणारं काही नाही, क्रूरपणा तो आहे. वासनेला पाप म्हणणं लई सोपं झालं.

नागसेनवन
जय भीम सर. पण तिसऱ्या भागाचं नावच ‘द फायर सर्मन’, म्हणजे आगीचं प्रवचन आहे, ते कसं सोडता? बुद्धांचं आदित्तपरियाय सुत्त आहे ते, गयेला दिलेलं, समोर आधी अग्निपूजा करणारे जटिल, म्हणजे जटाधारी साधू. डोळे जळतायत, कान जळतायत, मन जळतंय. एलियटनं भागाच्या शेवटी तेच जळणं घेतलंय अन् शेजारी ख्रिस्ती संत सेंट ऑगस्टीन. हे दोघं शेजारी येणं योगायोग नाही असं त्यानं स्वतःच्या टिपांत लिहिलंय. वैराग्याची बाजू कवितेत आहेच, गाइड पूर्ण चूक नाही.

माजलगावची_वाचक
दादा, पण त्या खोलीत जळतंय कोण? डब्यातलं जेवण, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, पोरगी थकलेली. तिची इच्छा आहे का नाही याच्याशी त्या क्लार्कला घेणंदेणंच नाही. तो गेल्यावर ती आरशात बघते, झालं एकदाचं म्हणते, केस सारखे करते अन् ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावते. मला तो प्रसंग वाचून लई वाईट वाटलं, तिला पापी कसं म्हणायचं?

नागसेनवन
पापी नाहीच म्हणायचं. सुत्तात आगी तीन आहेत, राग (पालीत राग म्हणजे आसक्ती, संताप नाही), द्वेष अन् मोह. आपण फक्त राग धरून बसतो. तिला काही वाटेनासं झालंय ते मी मोहात धरतो, अन् त्याला ती दिसतच नाही तो पण मोहच. तुमचा मुद्दा इथं बसतो.

बालाघाट_सर
हे आवडलं. मग ताई, उत्तरात पाचवा भाग घ्याच. मेघगर्जनेचा ‘द द द’ बृहदारण्यक उपनिषदातला आहे. तिथं प्रजापती ‘द’ म्हणतो अन् जो तो आपला अर्थ घेतो, क्रम असा: देवांना दाम्यत (संयम ठेवा), माणसांना दत्त (द्या), असुरांना दयध्वम् (दया करा). म्हंजे संयम पहिला. एलियटनं दत्त पुढं आणलं अन् संयम शेवटी टाकला. दत्तच्या खाली तो काय लिहितो तर एका क्षणी स्वतःला देऊन टाकायचं धाडस, अन् आपण जगलो ते तेवढ्यानंच. नुसती वासना मारा असं सांगायचं असतं तर त्यानं हा क्रम का फिरवला असता? गाइडवाल्याला हा प्रश्न विचारा अन् तिथनंच उत्तर सुरू करा.