आपल्याकडची रानझुडपं लावली, मग कोण कोण आलं? अनुभव सांगा

मी घोडबंदर रोडला राहते. थंडी सरता सरता येऊरच्या डोंगरावर धायटी लालभडक फुलते आणि पायथ्याच्या आमच्या सोसायटीत मात्र छाटून चौकोनी केलेलं शोभेचं कुंपण, त्यावर एक पाखरू फिरकत नाही. हे फार वर्षं सलत होतं. चार वर्षांपूर्वी मागच्या भिंतीलगतची पट्टी मागून घेतली आणि धायटी, मुरुडशेंग, कुडा लावला. धायटी तिसऱ्या वर्षी फुलली. फूल बोटाच्या पेराहून आखूड, नळीसारखं. सकाळी शिंजीर येतो, फांदीला उलटा लोंबकळून एकेका नळीत चोच घालतो, आणि मान वर केली की कपाळाला परागांची भुकटी लागलेली दिसते. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात, हे आजीकडून ऐकलं होतं; त्यातला मध कोणासाठी असतो ते आता पाहिलं.

रोपं रोपवाटिकेतूनच घ्या. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून रोप उपटून आणणं गुन्हा आहे.

ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुम्हीही लिहा. काय लावलं, कोण आलं, काय जगलं नाही, सगळं.

नेरूळ, तिसरा मजला

ताई, माझ्याकडे गॅलरीत फक्त एक कढीपत्ता आहे, तरी लिहिते. एका दुपारी काळं फुलपाखरू कुंडीभोवती घोटाळत होतं. एका पानावर बसून पुढच्या पायांनी टकटक केल्यासारखं केलं, पोट वाकवलं आणि उडालं. पानावर मोहरीहून लहान पिवळसर अंडं. पहिले काही दिवस अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मी पुसून टाकणारच होते. नंतर ती हिरवीगार झाली. पाणी घालताना चुकून बोट लागलं, तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढलं आणि उग्र वास सोडला. कोष झाला तो कुंडीशेजारच्या गजावर, रेशमाच्या एका धाग्याने कमरेला बांधलेला. अकराव्या दिवशी सकाळी कोष रिकामा आणि शेजारी ओल्या पंखांचं कॉमन मॉर्मन बसलेलं.

सासूबाई आधी चिडल्या होत्या, सगळा पाला खाल्ला म्हणून. आता त्यांनीच वाटणी केली आहे: वरचे शेंडे अळ्यांना, खालची पानं फोडणीला.

खारघर

आम्ही करवंदाचं कुंपण केलं. मे महिन्यात ठाणे स्टेशनबाहेर बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकतात ना, त्यातल्याच बिया. खाल्ल्या खाल्ल्या पेरल्या, वाळवून ठेवल्या नाहीत. खारघरच्या डोंगराचं झुडूप ते, मुरमाड जमीन त्याला परकी नाही; फक्त वाढायला दमवतं. पहिली दोन वर्षं वीतभर रोपं बघून शेजारी विचारायचे, हे काय लावलंय? पाचव्या वर्षी असं दाट झालं की मांजर आत शिरेना. म्हणून तर बुलबुलांनी काट्यांत घरटं केलं. वाटीएवढं, आत तीन अंडी. माळीदादांना विनंती करून एप्रिलमधली छाटणी तेव्हापासून बंदच केली. फळांतली निम्मी पाखरांची, निम्मी मुलांची.

ठाणे, येऊरच्या पायथ्याजवळ

मी घाणेरी लावली होती. फुलपाखरं भरपूर यायची, म्हणून दोन वर्षं खूश होतो. मग कळलं की ती मूळची अमेरिका खंडातली, आणि तिची फळं खाऊन पाखरं बिया डोंगरभर नेतात. वर चढताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तिचीच जाळी, खाली दुसरं काही उगवत नाही, हे डोळ्यांनी दिसत होतं. मुळासकट काढली. त्या जागी तरवड आणि निर्गुडी. फुलं बघून झाड निवडू नये, पानं कोण खातं ते आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं. मध प्यायला फुलपाखरू कुठेही जाईल, अंडी मात्र आपल्या ठरलेल्या झाडावरच घालेल.

बेलापूर

वाईट अनुभव लिहू का? अळ्या दिसल्या म्हणून सोसायटीने बोलावलेल्या माणसाने सगळ्या झुडपांवर औषध मारलं. मी कामावर होतो. संध्याकाळी लिंबाखाली नऊ अळ्या पडलेल्या, मोजल्या. माकडलिंबाचं छोटं रोपही होतं, ब्लू मॉर्मनसाठी लावलेलं. २०१५ साली ज्याला महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू केलं, तेच. मिटिंगमध्ये बोलताना माझा आवाज चढला. पण त्यानंतर त्या वाफ्यावर फवारणी होत नाही, तसं लेखी घेतलं आहे. पाटी लावा सगळ्यांनी: "पानं खाल्लेली आहेत, औषध मारू नये."

ऐरोली

आमची जमीन भरावाची, खाली खारी माती. नर्सरीतलं काही टिकेना. रुई आपोआप उगवली आणि आम्ही ती ठेवली. सुतार भुंगे दिवसभर घोंघावतात. शनिवारी मारुतीच्या माळेला पानं न्यायला शेजारच्या आजी येतात. एकदा पान उलटं केलं तर खाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, प्लेन टायगर फुलपाखराची. आजी थबकल्या. ते पान सोडलं, पलीकडच्या फांदीची घेतली. आता प्रत्येक पान उलटून बघून मगच खुडतात. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका मात्र, फार त्रास होतो.

कळवा, भाड्याचं घर

बारा इंची कुंडीत खुळखुळा लावलाय. बी रात्रभर भिजवून पेरलं, पावसाळ्यात कमरेएवढं झालं, पिवळी फुलं आली. गंमत पुढे आहे. रोप सुकायला लागल्यावर टायगर जातीची फुलपाखरं, त्यातही नर, वाळक्या देठांना चिकटून बसली. फूल एकही नव्हतं. देठांतला रस ते शोषून घेतात आणि त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार करतात. म्हणून वाळलेलं रोप लगेच उपटू नका. बी विषारी आहे, लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा.

घोडबंदरच्या ताई, शेंगा आता हलवल्या की खुळखुळ वाजतात, म्हणजे बी तयार आहे. रविवारी ठाण्याला येणार आहे. कागदाच्या पुडीत बांधून आणते, धायटीचं एखादं रोप द्याल का?