मदत हवी आहे : डच पंक बँडवर लिहिताना अडलोय

मंडळी, ॲमस्टरडॅमच्या ‘बीजीके’ या हार्डकोर पंक (वेगवान, आक्रमक रॉक संगीत) बँडवर लेख लिहितोय. पूर्ण नाव बाल्थाझार गेरार्ड्स कमांडो. १५८४ साली डेल्फ्टमध्ये ऑरेंजच्या विल्यमला, म्हणजे डचांच्या राष्ट्रपित्यालाच, गोळ्या घालणारा तो हा गेरार्ड्स. नाव ठेवावं तर असं!

दोन ठिकाणी गाडी अडलीय. ऐंशीच्या दशकात तिथली तरुण पोरं रिकाम्या इमारतींचा ताबा घेऊन राहायची, हा बँड त्यांच्यातलाच. ‘घुसखोर’ म्हटलं की पोलिसांची भाषा वाटते. दुसरा शब्द सुचवा. आणि १९८६ च्या अल्बमच्या नावात ‘काहीच चुकू शकत नाही’ म्हणताना ‘राँग’चं स्पेलिंगच मुद्दाम चुकवलंय (Wrogn). देवनागरीत ‘रॉग्न’ लिहू? मुद्रितशोधक ते हमखास सुधारणार. शिवाय गेरार्ड्स की खेरार्ड्स? नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.